'मेडिकल' टाकण्याआधी रजेचे खाते पाहा

तुळशीचे लग्न लागले की शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास फिरू लागतो. शुक्रवारी भाचीची हळद, शनिवारी लग्न, रविवारी परतीचा प्रवास. किरकोळ रजेचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे चालते. त्यामुळे लग्नसराई सुरू होते तेव्हा अनेकांच्या नावापुढे नोंदवहीत शून्य उरलेले असते. कोरा अर्ज समोर ठेवून बाई विचार करत बसतात आणि शेजारून सल्ला येतो, "मेडिकल टाका की! दाखल्याचे बघू."

आजारपणाची रजा खासगी कामासाठी वापरावी का, यावर दर वर्षी तोच गोंधळ होतो. काहींना वाटते, रजा आपल्याच खात्यातली आहे, कशीही वापरली तर बिघडले कुठे? काही जण भीतीपोटी खऱ्या आजारातही रजा घेत नाहीत आणि ताप अंगावर काढून वर्गात उभे राहतात. हा लेख महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय आणि खासगी मान्यताप्राप्त शाळांतील कायम शिक्षकांसाठी आहे. तुम्ही शिक्षण सेवक किंवा कंत्राटी शिक्षक असाल, तर नियुक्ती आदेशातील रजेच्या अटी आधी वाचा.

थोडक्यात उत्तर

खासगी कामासाठी वैद्यकीय दाखल्यावरची रजा घेऊ नका. नियमात ती बसत नाहीच, शिवाय हिशेबातही ती महाग पडते. ज्या खात्यातून 'मेडिकल' वजा होते, त्याच खात्यातून खासगी कारण उघड लिहून रजा मागता येते. बहुतेकांना हे ठाऊक नसते आणि खरा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी रजांची ओळख

जिल्हा परिषद व शासकीय शाळांतील शिक्षकांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू होतात. खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. हा अधिनियम अनुदानित आणि विनाअनुदानित, दोन्ही शाळांना लागू आहे. रोजच्या व्यवहारात लागणाऱ्या रजा अशा:

- किरकोळ (नैमित्तिक) रजा: अचानक उद्भवलेल्या कामासाठी, पूर्ण पगारी. जिल्हा परिषद शाळांत साधारणपणे वर्षाला १२ दिवस. ती पुढच्या वर्षात नेता येत नाही आणि इतर प्रकारच्या रजेला जोडता येत नाही.
- अर्धवेतनी रजा: सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी २० दिवस. वैद्यकीय दाखल्यावर किंवा खासगी कामासाठी, दोन्हींसाठी घेता येते. शिल्लक साठत जाते.
- परिवर्तित रजा: बोलीभाषेतली 'मेडिकल' ती हीच. अर्धवेतनी रजेचे पूर्ण पगारी रजेत रूपांतर होते, पण स्वतःच्या आजाराच्या दाखल्यावर. घेतलेल्या प्रत्येक दिवसामागे अर्धवेतनी खात्यातून दोन दिवस वजा होतात.
- अर्जित रजा: दिवाळी-उन्हाळ्याची दीर्घ सुटी उपभोगणाऱ्या शिक्षकाच्या खात्यात ती कार्यालयीन कर्मचाऱ्यासारखी वर्षाला ३० दिवस जमा होत नाही. आदेशाने सुटीत काम करावे लागले, तर त्या प्रमाणात मिळते.
- अनर्जित रजा: शिल्लक नसताना घेतलेली उसनी रजा. संपूर्ण सेवेत कमाल ३६० दिवस. पुढे जमा होणाऱ्या अर्धवेतनी रजेतून ती फेडावी लागते.
- असाधारण रजा: बिनपगारी. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतली, तर तो काळ वेतनवाढीसाठी धरला जात नाही.

या यादीत 'आजारपणाची रजा' असे स्वतंत्र खाते कुठेच नाही, हे लक्षात घ्या. आजारपण आणि खासगी काम, दोन्हींचा उगम अर्धवेतनी रजेच्या एकाच रकान्यात आहे.

'मेडिकल' फुकट नसते

समजा, तुमचे मूळ वेतन ५०,००० रुपये आहे आणि लग्नासाठी तीन दिवस हवे आहेत. महिना ३० दिवसांचा धरू.

- खोटे कारण लिहून परिवर्तित रजा: पगार पूर्ण मिळतो, पण खात्यातून सहा दिवस जातात. दाखल्याचा खर्च आणि धास्ती वेगळी.
- खरे कारण लिहून अर्धवेतनी रजा: खात्यातून तीनच दिवस जातात. मूळ वेतनात २,५०० रुपयांचा फटका बसतो आणि त्या रकमेवरचा महागाई भत्ताही जातो.

पगार वाचला एवढेच तुम्हाला त्या महिन्यात दिसते. सेवापुस्तकातली वजाबाकी मात्र कुणी काढून दाखवत नाही.

आता हाच हिशेब लांबवर न्या. पंधरा वर्षांच्या सेवेत ३०० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, म्हणजे गरज पडल्यास १५० दिवस पूर्ण पगारी. दर वर्षी पाच दिवस 'मेडिकल' हळदी-बारशांसाठी टाकली, तर दर वर्षी दहा दिवस वजा होतात. पंधरा वर्षांनी खात्यात उरतात १५०, म्हणजे पूर्ण पगारी ७५. अशा वेळी मणक्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी चार महिने विश्रांती सांगितली, तर अडीच महिन्यांनी पूर्ण पगार थांबतो. उरलेल्या ४५ दिवसांसाठी उसनी किंवा बिनपगारी रजा शोधावी लागते, तीही औषधांचा खर्च सर्वाधिक असताना.

कोणत्या कामाला कोणता मार्ग

लग्न, साखरपुडा, वास्तुशांत: तारीख महिनाभर आधी ठाऊक असते. दोन-तीन किरकोळ रजा वर्षाअखेरीसाठी राखून ठेवा. त्या संपल्या असतील तर 'खासगी काम' असे लिहून अर्धवेतनी रजा मागा आणि अर्ज आधी द्या.

बँक, तहसील, नोंदणी कार्यालय: अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा पुरते का ते पाहा. शनिवारची सकाळची शाळा असेल, तर दुपार तुमचीच असते. शाळेच्या वेळेत थोडा वेळ बाहेर जायचे झाल्यास परवानगी घ्या आणि हालचाल नोंदवहीत वेळ लिहूनच निघा.

मुलांची परीक्षा, मुलांचे आजारपण: शिक्षिकांनी २०१८ पासूनची बालसंगोपन रजा विसरू नये. अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत, पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी, संपूर्ण सेवेत १८० दिवस ती मिळू शकते. मान्यताप्राप्त अनुदानित शाळांनाही ही तरतूद लागू आहे. पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी अंथरुणाला खिळून असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती घेता येते. ती आयत्या वेळची रजा नव्हे, पूर्वमंजुरी लागते.

आई-वडिलांचे आजारपण: सर्वाधिक चुका इथे होतात. आई रुग्णालयात असते, धावपळ खरी असते आणि त्या भरात मुलगा स्वतःच्या नावाने तापाचा दाखला जोडतो. परिवर्तित रजा स्वतःच्या आजारासाठीच असते. आईसाठी किरकोळ, अर्जित शिल्लक असल्यास अर्जित, नाहीतर खासगी कारणासाठी अर्धवेतनी, असा क्रम ठेवा. अर्जाला आईची रुग्णालयातील कागदपत्रे जोडा. खरा कागद जोडलेला अर्ज सहसा अडत नाही.

दिवाळी किंवा उन्हाळी सुटीला जोडून प्रवास: रेल्वेचे आरक्षण सुटीआधीच्या दिवसाचे मिळाले म्हणून 'मेडिकल' टाकायची, हा प्रकार कार्यालयाच्या नजरेत पटकन भरतो. तीन वर्षे लागोपाठ सुटीच्या आदल्या दिवशीच आजारी पडणाऱ्या शिक्षकाला खुलासा विचारला गेला, तर तक्रार करायला फारशी जागा राहत नाही.

मन थकले असेल तर

"मला ताप नाही, पण शाळेत पाऊल टाकवत नाही," हे वाक्य खासगी कामात मोडते की आजारपणात? याचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे आहे, शिक्षक खोलीने नव्हे. झोप उडणे, सतत धडधड, वर्गात उभे राहताच घाम फुटणे, आठवडेच्या आठवडे उदासी ही वैद्यकीय लक्षणे आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने उपचारांच्या बाबतीत मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने ठेवले आहे. मानसोपचारतज्ज्ञाने विश्रांती सांगून दाखला दिला असेल, तर ती रजा पूर्णपणे खरी आहे. पोटदुखीचे खोटे नाव देण्याची गरज नाही. लगेच कुणाशी बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

पेपर तपासून आणि ऑनलाइन माहिती भरून आलेला शीण मात्र वेगळा. त्यासाठी एक दिवस हवा असेल, तर किरकोळ रजा घ्या.

खोट्या दाखल्यात कोण अडकते

दाखला देणारे डॉक्टर पहिले. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंदवही ठेवणे, त्यात रुग्णाची सही वा अंगठा घेणे आणि दाखल्याची प्रत जपणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणारा दाखला देणे हे गैरवर्तन असून, त्यापायी नोंदणी रद्द होऊ शकते. ओळखीचे डॉक्टर टाळाटाळ करतात ती यामुळे.

दुसरे तुम्ही. रजा मंजूर करणारा अधिकारी शंका आल्यास शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला पाठवू शकतो. खोटे उघड झाले, तर ती गैरहजेरी अनधिकृत ठरू शकते, घेतलेला पगार वसूल होऊ शकतो आणि वर्तणुकीच्या नियमांखाली विभागीय चौकशी लागू शकते. दाखलाच बनावट असेल, शिक्का-सही खोटी असेल, तर प्रकरण रजेच्या नियमांत राहत नाही. बनावट कागद खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी गुन्हा आहे.

आणि पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. अर्जावर 'तीव्र ताप व अशक्तपणा' आणि त्याच दिवशी नातेवाइकांच्या स्टेटसवर फेटा बांधून वरातीत नाचणारे गुरुजी, असे चित्र गावात दुपारपर्यंत पालकांच्या गटावर पोहोचलेले असते.

खरोखर आजारी असाल तेव्हा

1. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना फोन करा आणि लगेच लेखी संदेश पाठवा. फोनवरचे "ठीक आहे" पुढे कुणाला आठवत नाही.
2. नोंदणीकृत डॉक्टरांचाच दाखला घ्या. त्यावर नोंदणी क्रमांक, आजाराचे स्वरूप, विश्रांतीचा कालावधी 'पासून-पर्यंत', तारीख आणि तुमची सही आहे ना, ते दवाखान्यातच पाहा.
3. अर्जात 'वैद्यकीय रजा' असे मोघम लिहू नका. 'परिवर्तित' की 'अर्धवेतनी', ते स्पष्ट लिहा.
4. मुदत वाढवायची असेल, तर आधीची संपण्यापूर्वी अर्ज पोहोचवा. मधले दोन-तीन दिवस कागदाविना गेले की पुढे तेच अनधिकृत गैरहजेरीत मोजले जातात.
5. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला द्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.
6. रजा मंजुरीचा आदेश निघाला का आणि सेवापुस्तकात नोंद झाली का, याची महिन्याभरात चौकशी करा.

अशा रजेत मध्ये येणारे रविवार व सुट्ट्याही मोजल्या जातात. शुक्रवार ते मंगळवार परिवर्तित रजा घेतली, तर ती पाच दिवसांची होते आणि खात्यातून दहा दिवस जातात. सुरुवातीच्या किंवा शेवटच्या टोकाची सुटी जोडायची असल्यास तशी परवानगी त्याच अर्जात मागा.

क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघात यांसाठी रजा नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. असे निदान झाल्यास नेहमीची शिल्लक मोडण्याआधी कार्यालयात त्याविषयी लेखी विचारणा करा.

तुमचे हक्क आणि त्यांच्या मर्यादा

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमांत स्पष्ट आहे. सेवेची निकड असेल तर ती नाकारता येते किंवा रद्द करता येते. मात्र त्याच नियमाला दुसरी बाजू आहे: तुम्ही देय असलेली जी रजा मागितली, तिचा प्रकार अधिकारी तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलू शकत नाही. तुम्ही अर्धवेतनी मागितली आणि वर परस्पर 'बिनपगारी' लिहिले गेले, तर लेखी हरकत घ्या.

- अर्ज दिल्यावर प्रतीवर पोच, तारीख आणि आवक क्रमांक घ्या.
- नकार लेखी आणि कारणासह मागा.
- सेवापुस्तकातील रजेचा हिशेब वर्षातून एकदा पाहून सही करा. दाखवला जात नसेल, तर माहिती अधिकारात प्रत मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.
- खासगी शाळेत गैरहजेरीचे कारण दाखवून थेट सेवासमाप्ती केली, तर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येते. आदेश हातात पडल्याची तारीख कागदावर लिहून ठेवा.

वर्गात काय होते

शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. त्यांतले एक गैरहजर म्हणजे पहिली ते चौथी एकाच खोलीत. पहिलीतली मुले पाटीवर रेघोट्या ओढतात, चौथीची मुले त्यांना सांभाळतात, शालेय पोषण आहाराची नोंदही त्याच एका शिक्षकाला करायची असते. पूर्वसूचना असेल तर केंद्रप्रमुख शेजारच्या शाळेतून कुणाला तरी पाठवू शकतात. सकाळी सव्वादहाला आलेल्या 'ताप आहे' या संदेशावर काहीच करता येत नाही.

शिक्षकांवरचा सरसकट आरोपही इथे तपासून घ्यायला हवा. २००३ च्या आसपास देशभर अचानक भेटी देऊन झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत आढळले नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी होते. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ मध्ये सहा राज्यांतील ६१९ शाळा पाहिल्या. तिथे साडेअठरा टक्के शिक्षक शाळेत नव्हते, पण विनाकारण गैरहजर असलेले अडीच टक्केच होते. बाकीचे सरकारी कामावर किंवा रीतसर रजेवर. हा फरक दिसतो तो नोंदीमुळे. खासगी कामाची रजा आजारपणाच्या नावाखाली गेली, की तुमच्या खऱ्या आजारपणाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते.

मुख्याध्यापकांनाही एक विनंती. "खासगी कारण लिहिले तर वरून मंजूर होत नाही, आजारी आहे असेच लिहा," हा सल्ला अनेक शाळांत मुख्याध्यापकच देतात. त्याऐवजी जूनमध्ये सर्वांच्या शिल्लक रजांचा तक्ता लावा, ठरलेली कौटुंबिक कार्ये आधी विचारून घ्या आणि एकाच दिवशी दोन अर्ज येणार नाहीत अशी आखणी करा.

अर्ज कसा लिहावा

शुक्रवार-शनिवारच्या त्या लग्नासाठी चार ओळी पुरतात:

*मा. मुख्याध्यापक यांस,*
*माझ्या भाचीचा विवाह असल्याने मला दि. ___ ते दि. ___ असे दोन दिवस खासगी कारणासाठी अर्धवेतनी रजा मंजूर व्हावी, ही विनंती. या वर्षाची किरकोळ रजा शिल्लक नाही. त्यानंतर येणारा रविवार रजेस जोडून उपभोगण्याची व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. माझ्या वर्गाचे दोन दिवसांचे नियोजन सोबत जोडले आहे.*

वर्गाचे नियोजन जोडायला कोणताही नियम सांगत नाही. पण कोणता धडा, कोणती उजळणी, कोणत्या मुलांची वही तपासायची राहिली, एवढे अर्ध्या पानावर लिहिलेले असले, की मुख्याध्यापकांना होकार देणे सोपे जाते. अर्ज किमान आठवडाभर आधी द्या आणि पोच घेतलेली प्रत घरच्या फाइलमध्ये लावा. नवा अर्ज लिहिण्याआधी त्याच फाइलमध्ये आणखी एक कागद ठेवा: गेल्या ३१ डिसेंबरला तुमच्या अर्धवेतनी खात्यात किती दिवस होते, त्याची सेवापुस्तकावरून उतरवून घेतलेली नोंद.